५० मीटरवर गट उभा का पसरतो? लॉट, रिम आणि नाशिकची थंडी

डिसेंबर लागला की आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एकच तक्रार सुरू होते. पोरगं प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर, झोपलेलं असतं, दंडाला अडकवलेला रायफलचा पट्टा (स्लिंग) घट्ट, श्वास शांत, ट्रिगर स्वच्छ, आणि पडद्यावर मात्र गोळ्यांच्या ठिपक्यांचा पुंजका, म्हणजे गट, एकत्र न बसता उभ्या शिडीसारखा पसरतो. आडवं बघावं तर दहाच्या दहा गोळ्या ७-८ मिलिमीटरच्या पट्ट्यात. उभं बघावं तर १८, २०, कधी २२. एक गोळी १०.७, पुढची ९.७, तिसरी पुन्हा १०.५. आठवड्याभरात आईवडील महागड्या काडतुसांची चौकशी करायला येतात. नवीन बॉक्स येतात, दोन आठवडे बरे जातात आणि शिडी परत येते.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका टूलरूममध्ये तपासणीचं काम करतो आणि गेली चौदा वर्षं .२२ रायफलनं (गोळीचा व्यास सुमारे ०.२२ इंच) प्रोन मारतो. ही शिडी माझ्या स्वतःच्या रायफलवर तीन हिवाळे मुक्कामाला होती. तिसऱ्या हिवाळ्यात कळलं की मला वाटत होतं तसं कारण एक नव्हतं, चार होती, आणि मी दर वेळी त्यातलं एकच काढून उरलेली तीन तशीच ठेवत होतो. आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बहुतेकांची इंजेक्शनं पखालीला चालली आहेत आणि ती फार महाग आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी उभंच का, आडवं का नाही, हे समजून घ्या. .२२ ची मॅच गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगानं बॅरलमधून निघते. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणानं साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. हे खाली येणं आपण साइटच्या क्लिकनी भरून काढलेलं असतं, पण एका ठरावीक वेगासाठी. वेग १० मीटर प्रति सेकंदानं कमी झाला की गोळी जवळपास ८ मिलिमीटर जास्त खाली पडते. आपल्या टारगेटवर एक रिंग म्हणजे त्रिज्येत बरोबर ८ मिलिमीटर. वेगातला तीन टक्के फरक आणि गेली एक रिंग. वेगात ३ मीटरचा फरक असेल तर सव्वादोन मिलिमीटर जातात, म्हणजे दशांश गुणांत पाव गुण. वारा गोळीला मुख्यतः आडवं नेतो, वेगातला फरक मात्र उभाच दिसतो. म्हणून शिडी दिसली की गोळ्या एकसारख्या वेगानं निघत नाहीत हा संशय रास्त आहे. पण तो संशयच. त्याच चित्राची इतरही कारणं आहेत आणि ती आधी बाजूला करायची.

सगळ्यात आधी, शिडी खरंच उभी आहे का ते नीट बघा. आमच्याकडे पाचातल्या दोन शिड्या तिरक्या निघतात, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. घड्याळात दहापासून चारपर्यंत रेघ ओढा, तशी. हे काडतुसाचं काम नव्हे, वाऱ्याचं आहे. आपल्या बॅरलचे आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, उजवे असतात आणि त्या फिरकीमुळे उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे ढकलताना थोडं वर उचलतो, डावीकडून आलेला वारा उजवीकडे नेताना थोडं दाबतो. ५० मीटरच्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची निशाणं लावायचा नियम उगाच नाही. ज्याला तिरकी रेघ दिसते त्यानं काडतुसावर एक रुपया खर्च करण्याआधी पंधरा दिवस त्या निशाणांकडे बघत मारावं.

दुसरा भाग नेमबाजाचा. प्रोनमध्ये श्वासाबरोबर फोरसाइट (बॅरलच्या पुढच्या टोकावरची साइट) वर-खाली होते, म्हणून अर्ध्या श्वासावर सोडलेला शॉट उभाच चुकतो. डावं कोपर मॅटवर अर्धा इंच सरकलं, स्लिंग दंडावरून घसरली, गाल चीकपीसवर कधी जड कधी हलका टेकला, तरी चूक उभीच दिसते. हे वेगळं काढायची पद्धत सोपी आहे. तुमची रायफल आणि तुमचीच काडतुसं घेऊन दुसऱ्या जुन्या नेमबाजाला दहा-दहाचे दोन गट मारायला सांगा. मग त्याची रायफल घेऊन तुम्ही मारा. शिडी रायफलबरोबर गेली की माणसाबरोबर राहिली, हे अर्ध्या तासात समजतं. लाजायचं काही कारण नाही. माझी पहिल्या हिवाळ्यातली शिडी निम्मी माझ्या कोपराची होती.

आता शिडी रायफलबरोबर गेली असं धरून पुढे लिहितो. इथून पुढे पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, आणि प्रायमर, म्हणजे दारूला ठिणगी देणारा भाग, यांच्याकडे वळावं लागतं.

परदेशात ८०० ते १,००० यार्डांवर .३०८ या मोठ्या काडतुसानं मारणारे लोक काडतुसं स्वतः भरतात, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. ते पितळी पुंगळ्या विकत घेतात, वजनानं वेगळ्या करतात, मानेची जाडी मोजतात, काही बारांनंतर मान तापवून पितळ पुन्हा मऊ करतात. प्रायमर पुंगळीच्या तळाच्या खाचेत प्रत्येक वेळी सारखाच खोल बसवतात. इतका आटापिटा फक्त वेग एकसारखा राहावा म्हणून. लापुआ या काडतूस कंपनीनं तर .३०८ साठी पाल्मा नावाची वेगळी पुंगळी काढली. तिला मोठ्या प्रायमरऐवजी छोटा रायफल प्रायमर लागतो आणि आतलं ठिणगीचं भोक नेहमीच्या २ मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरचं असतं. छोटा प्रायमर दारू सौम्यपणे पेटवतो, त्यामुळे वेगातला फरक कमी करता येतो असा तिथल्या लोकांचा अनुभव. पण तीच मंडळी हेही सांगतात की कडक थंडीत हा छोटा प्रायमर कमी पडू शकतो आणि फायरिंग पिनचा ठोका जरा जरी अशक्त असला तरी पेट उशिरा घेतो. पुंगळी, प्रायमर, ठोका आणि थंडी या चौघांचं नातं तिथं उघड दिसतं. आपल्या .२२ मध्येही तेच नातं आहे, फक्त आत दडलेलं.

आपल्याला ते भरण्याचं काम करायचं नाही आणि करताही येणार नाही, हे इथेच स्पष्ट लिहून ठेवतो. .२२ हे रिमफायर काडतूस. त्याला वेगळा प्रायमर नसतोच. प्रायमरचा ओला मसाला पुंगळीच्या तळाशी, रिमच्या, म्हणजे दुमडलेल्या कडेच्या, पोकळीत पसरवून वाळवलेला असतो. पिन रिमवर आदळते, रिम चेपते, मसाला चिरडून पेटतो. एकदा चेपलेली रिम परत कामाची नाही. शिवाय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. नेमबाजाचा परवाना बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. कुणी गोळी ओढून काढून दारू बघायची भाषा केली तर तिथल्या तिथे थांबवा. मसाला दाबानं पेटतो, बोटं जातात.

मग आपल्या हातात काय उरतं? पुंगळी आणि प्रायमर निवडायची ताकद आपल्याकडे आहे, पण ती बॉक्सच्या फ्लॅपवर छापलेल्या एका आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे लॉट नंबर. एका लॉटमधलं पितळ, रिमची जाडी, मसाल्याचं मिश्रण, दारू, शिसं, गोळीवरचं मेण, हे सगळं एका सलग उत्पादनातलं असतं. दुसरा लॉट म्हणजे नाव तेच, रंग तोच, पण वस्तू वेगळी. टूलरूममध्ये पोलादाचा प्रत्येक बार आला की मी आधी हीट नंबर, म्हणजे तो कुठल्या घाण्यातला आहे तो आकडा, बघतो. ग्रेड एकच असली तरी हीट बदलली की कठीणपणा बदलतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि काडतुसं मात्र मी सात वर्षं नाव बघून घेत होतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

एका हिवाळ्यात मी ५० चे १० बॉक्स घेतले. विक्रेत्यानं सात एका लॉटचे आणि तीन दुसऱ्या लॉटचे दिले होते. मी पाहिलं नाही. सराव करताना बॉक्स मोकळे करून प्लास्टिकच्या ठोकळ्यात काडतुसं उभी करायची सवय, त्यामुळे दोन्ही लॉट एकत्र झाले. दोन गट एकावर एक पडत होते, एक दहाच्या मध्यावर आणि एक त्याच्या सहा-सात मिलिमीटर खाली. मी त्याला एकच पसरलेला गट समजून ट्रिगरचं वजन बदलत बसलो. पुढे बॉक्स वेगळे करून मारले तेव्हा दोन्ही लॉट आपापल्या जागी बरे निघाले. वाईट होतं ते मिश्रण. तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक गटासमोर लॉट नंबर असतो आणि दुकानात पैसे देण्याआधी मी सगळे फ्लॅप वाचतो. तुम्हीही वाचा. दुकानदार वैतागला तरी चालेल.

लॉटकडे जाण्याआधी रायफलचे दोन दोष मात्र तपासायलाच हवेत, कारण ते चांगल्या लॉटलाही वाईट ठरवतात.

पहिला, पिनचा ठोका. एकाच दिवशी मारलेल्या वीस पुंगळ्या उचला, पांढऱ्या कागदावर तळ वर करून ओळीत उभ्या करा आणि भिंगातून बघा. रिमवरचा चेप सगळीकडे सारखा खोल आहे का? कडेपासून सारख्या अंतरावर आहे का? काही ठिकाणी खोल आणि काही ठिकाणी उथळ असेल तर मसाला प्रत्येक वेळी वेगळ्या जोरानं पेटतोय, आणि वेगही तसाच वेगळा. कारण तीनपैकी एक निघतं. पिनची स्प्रिंग थकलेली, पिनचं टोक घासलेलं किंवा बोल्टच्या (काडतुसामागे बंद होणाऱ्या, पिन असलेल्या दांड्याच्या) आत दाट झालेलं तेल. आपल्याकडे तिसरं फार. पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून लोक बोल्टमध्ये सढळ हातानं ग्रीस भरतात. पावसात त्याचा त्रास होत नाही. डिसेंबरमध्ये सकाळी सातला तेच ग्रीस मेणासारखं होतं आणि पिन त्यातून वाट काढत जाते. ऊन चढलं की आपोआप सुधारतं, म्हणून माणूस समजतो की हात गरम झाल्यावर मला बरं जमतं. बोल्ट उघडून पूर्ण कोरडा पुसायचा आणि तेलाचा नुसता हात फिरवायचा, बस. स्प्रिंग मात्र बनवणाऱ्याचीच घ्या, अंदाजानं दुसरी टाकू नका.

दुसरा, बॅरलच्या तोंडाशी, म्हणजे काडतूस बसतं ते चेंबर संपून आटे सुरू होतात तिथे जमणारं कडं. काजळी, शिसं आणि मसाल्याची राख यांचं ते दगडासारखं होतं. रिमफायरच्या मसाल्यात घर्षणासाठी अनेकदा काचेची बारीक पूड असते, तीही त्यात बसते. रोज एक कापडी चिंधी ओढून ते निघत नाही. चिंधी घट्ट असेल तर तिथून जाताना हाताला अडखळल्यासारखं लागतं, तीच खूण. कार्बन विरघळवणारं सॉल्व्हंट लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, मग कांस्याच्या ब्रशनं त्या दोन इंचांपुरतं काम करायचं, रॉड मागूनच आणि गाइड लावूनच घालायचा. पुढच्या तोंडाकडून रॉड घालून क्राउनची, म्हणजे गोळी बाहेर पडते तिथली, कड खराब केलेल्या दोन रायफली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर मग कुठलाच लॉट चालला नाही.

ॲक्शनचे स्क्रू, म्हणजे रायफलची यंत्रणा स्टॉकला जखडणारे, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या टॉर्कला (घट्टपणाला) आहेत का, हे टॉर्क रेंचनं बघा. लाकडी स्टॉक असेल तर पावसाळ्यानंतर एकदा आणि थंडीत एकदा. याबद्दल जास्त लिहीत नाही, हे काम पाच मिनिटांचं आहे.

आता थंडी. नाशिकचे लोक हे सहज समजतील. जानेवारीत निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्याच दिवशी दुपारी आपण स्वेटर काढून फिरतो. पहाटे ७-८ अंश, दुपारी २८. पहाटेपासून दुपारपर्यंत काडतुसाला वीस अंशांचा फरक सोसावा लागतो. थंड दारू सावकाश जळते, थंड मसाला कमी जोरानं पेटतो, गोळीवरचं मेण कडक होतं आणि बॅरलमध्ये वेगळं घासतं. या तिन्ही गोष्टी वेग बदलतात. मी एकदा तेच बॉक्स, तोच लॉट, सकाळी सव्वासातला रात्रभर स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या काडतुसांनी मारला आणि साडेदहाला उन्हात ठेवलेल्या काडतुसांनी. गटाचं केंद्र जवळपास एक रिंग वर सरकलं. दोन्ही गट स्वतःपुरते छान होते! शिडी तयार होत होती ती मधल्या तासात, जेव्हा ठोकळ्याच्या एका बाजूची काडतुसं उन्हात आणि दुसऱ्या बाजूची माझ्या सावलीत होती.

म्हणून उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. काडतुसं रात्री घरात, कुलूपबंद कपाटात ठेवा, डिकीत नाही. परवान्याच्या दृष्टीनंही तेच बरोबर. रेंजवर एका वेळी एकच बॉक्स बाहेर काढा, बाकीचे बॅगेत. ठोकळ्यावर रुमाल टाका. भरलेलं काडतूस गरम चेंबरमध्ये दोन-दोन मिनिटं ठेवून वाऱ्याची वाट बघू नका. वारा थांबायची वाट बघायची असेल तर बोल्ट उघडून बघा, सुरक्षिततेच्या दृष्टीनंही हेच योग्य. एप्रिलमध्ये उलटी गत होते. बंद गाडीत काडतुसं राहिली तर मेण मऊ होऊन एका बाजूला उतरतं आणि पुंगळीच्या तोंडाशी जमा होतं. अशी काडतुसं स्पर्धेसाठी वेगळी काढलीच समजा.

काडतुसाचं नाव बदलल्यावर पहिले दोन आठवडे बरे का जातात, याचं उत्तरही थोडं इथेच आहे. नवीन काडतुसं आणली म्हणून लोक बॅरल नीट साफ करतात. सुधारणा साफसफाईची असते, श्रेय काडतुसाला जातं. उलटही होतं. एका कंपनीचं मेण दुसऱ्या कंपनीच्या मेणावर बसत नाही, म्हणून बदलल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातात आणि लोक चांगला लॉट पहिल्याच दिवशी नाकारतात. बदलताना बॅरल साफ करा, वीस गोळ्या न मोजता मारा आणि मग मोजायला बसा.

लॉट तपासायची पद्धत मी टूलरूममधून उचलली आहे. परदेशात एले या काडतूस कंपनीच्या बर्मिंगहॅमच्या आणि लापुआच्या शोनेबेकच्या रेंजवर तुमची रायफल शिकंज्यात बांधून ओळीनं लॉट मारून देतात. आपल्याला ते रोजचं शक्य नाही, पण पुढच्या टोकाला वाळूची पिशवी घेऊन प्रोनमध्येच बरंच काही कळतं. तीन लॉटचे दोन-दोन बॉक्स घ्या. प्रत्येकाचे दहा-दहाचे चार गट मारा, पण एका लॉटचे चारही गट सलग मारू नका. पहिल्या फेरीत अ, ब, क. दुसरीत क, अ, ब. तिसरीत ब, क, अ. नाहीतर सकाळी सातला मारलेला अ आणि दहाला मारलेला क यांची तुलना करताना तुम्ही लॉट नव्हे, ऊन तपासता. लॉट बदलताना पाच गोळ्या मोजायच्या नाहीत.

पाचच्या गटावर विश्वास ठेवू नका. एकच रायफल, एकच लॉट, पाचचे गट सरासरी १६ मिलिमीटरचे असतील तर त्यातले काही नुसत्या योगायोगानं १२ चे आणि काही २० चे पडणारच. कुणी १२ चा गट काढून मोबाइलवर फोटो पाठवला की बाकीचे तोच लॉट शोधत फिरतात. तोच लॉट दहाच्या गटात सरासरी २० च्या आसपास दिसेल, कारण जास्त गोळ्यांत टोकाची गोळी सापडतेच. मी चारही गटांची केंद्रं एकावर एक ठेवून चाळीस ठिपके एकत्र बघतो, आणि उंची नि रुंदी वेगळी लिहितो. रुंदीत तिन्ही लॉट बहुधा सारखेच असतात. फरक उंचीत दिसतो. आणि सगळ्यात छान गटाकडे नव्हे, सगळ्यात वाईट गोळीकडे बघून ठरवतो. स्पर्धेत साठ गोळ्या मारायच्या असतात आणि साठातल्या त्या दोनच रडवतात.

एले टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर ५०, लापुआ मिडास प्लस, ही सगळी उत्तम काडतुसं आहेत. पण मी स्वतः पाहिलंय की एका रायफलला मधल्या किमतीचा एखादा लॉट सगळ्यात महागापेक्षा बरा चालतो. ‘कोणतं चांगलं?’ असं विचारू नका. ‘माझ्या बॅरलला कोणता लॉट चांगला?’ असं विचारा. सापडला की ऐपतीप्रमाणे आणि परवान्याच्या मर्यादेत जितका मिळेल तितका त्याच लॉटचा घेऊन ठेवा. तो सरावाला नको, स्पर्धेला आणि स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांना ठेवा. सरावाला स्वस्त चालतं.

रिम मोजण्याबद्दल पोरं हमखास विचारतात, कारण व्हिडिओत ते दिसतं. रिमची जाडी साधारण एक मिलिमीटर असते. पातळ असेल तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं आणि पिनचा काही जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो. तत्त्व बरोबर आहे. मी डायल लावून गेज केला आणि एका लॉटची ५०० काडतुसं मोजली, चार रात्री गेल्या. जाडीप्रमाणे वेगळी करून मारल्यावर गटात मला फरक सापडला नाही. मॅच काडतुसांत रिम आधीच इतकी सारखी असते. साध्या, स्वस्त काडतुसांत फरक जास्त सापडतो, पण तिथे इतरही गोष्टी सैल असतात. मला विचाराल तर त्या चार रात्री झोपा. गेजचा एकच उपयोग मला झाला. एका बॉक्समधली काही काडतुसं वेगळी लागली आणि ती मधे मिसळलेल्या दुसऱ्या लॉटची निघाली.

पेट न घेणाऱ्या काडतुसाबद्दल गंभीरपणे. क्लिक झालं आणि गोळी सुटली नाही, तर बॅरल टारगेटकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा, हात वर करा, रेंज ऑफिसरला सांगा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बसका आला तर पुढचं काडतूस अजिबात भरू नका. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली की बॅरल फुगतं. आधी बॅरल आरपार दिसतं का ते बघा. न पेटलेल्या काडतुसाचा चेप तपासा. उथळ असेल तर दोष तुमच्या बोल्टचा, खोल असेल तर त्या जागी मसाला नव्हता. दोन्ही गोष्टी डायरीत लिहा. आणि घरी जाण्याआधी हात थंड पाण्यानं, साबणानं धुवा, मगच डबा उघडा. मसाल्यात आणि गोळीत शिसं असतं, लहान मुलांच्या बाबतीत यात हयगय नको.

२०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं. तेव्हापासून आमच्या रेंजवर .२२ कडे वळणारी मुलं वाढली आहेत, याचा मला फार आनंद आहे. त्यातली बरीच शेतकऱ्यांची, नोकरदारांची मुलं. एका बॉक्सची किंमत त्यांच्या घरात जाणवते. म्हणून कुठल्याही चाचणीआधी तिच्यात काडतुसं जाळावी लागतील की नुसतं बघून भागेल, हे मी आधी ठरवतो. बघण्यानं सुटतं ते आधी सोडवायचं.

गेल्या जानेवारीत निफाडकडून येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीची शिडी २१ मिलिमीटरची होती. वडील द्राक्षवाले, बागेतल्या शेकोट्या विझवून तिला सातपर्यंत रेंजवर सोडायचे. त्यांनी दोनदा महागडी काडतुसं आणून पाहिली होती. ती म्हणाली, ‘काका, आता तिसरं नाव कोणतं घेऊ?’ मी तिला काडतूस न मारता फक्त पुंगळ्या गोळा करायला लावल्या. वीसपैकी सात चेप उथळ होते, आणि ते सगळे सकाळच्या पहिल्या दोन बॉक्समधले. बोल्ट उघडला तर आत पावसाळ्यातलं पिवळं ग्रीस. पुसून कोरडा केला, तोंडाशी जमलेलं कडं काढलं, आणि तिचाच अर्धा राहिलेला जुना स्वस्त बॉक्स मारला. तीन गट, दहा-दहाचे: १४, १५, १३. महाग लॉटची चाचणी आम्ही फेब्रुवारीत, ग्रीस नसलेल्या बोल्टवर केली. त्या चाचणीत तिच्या रायफलला दोनपैकी जो कमी किमतीचा होता तोच बसला.

ज्यांची शिडी जात नाही त्यांनी रविवारी सकाळी येताना तीन गोष्टी आणाव्यात. सकाळच्या पहिल्या वीस पुंगळ्या आणि ऊन चढल्यानंतरच्या वीस, वेगवेगळ्या पिशव्यांत. सध्या वापरात असलेल्या प्रत्येक बॉक्सचा लॉट नंबर असलेला फ्लॅप. आणि दोन्ही वेळचे दहा-दहाचे गट, उंची नि रुंदी वेगळी लिहून. भिंग आणि टॉर्क रेंच माझ्याकडे आहे.